टेलिंग बांधाची तपासणी पायथ्यापासून करा: पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात

टेलिंग पाँडच्या, म्हणजे खनिज धुतल्यावर उरणारा गाळ बांध घालून साठवलेल्या तळ्याच्या, नोंदवहीत महिनोन्‌महिने एकच ओळ उतरत जाते: ‘माथा ठीक, तडा नाही, पाणी नियंत्रणात.’ लिहिणारा खोटं लिहीत नसतो. तो जीपने माथ्यावर गेलेला असतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी मारलेली असते आणि त्याला खरोखरच काही दिसलेलं नसतं. पण माथ्यावर जे दिसतं ते सगळ्यात शेवटी बिघडतं. टेलिंग बांध बहुतेक वेळा पाण्यामुळे जातो आणि आतलं पाणी काय करतंय याचा पहिला सुगावा पायथ्याशी, पिझोमीटरच्या (बांधाच्या आतली पाणीपातळी दाखवणाऱ्या) नळीत आणि डिकँटच्या (पाँडवरचं निवळलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या वाटेच्या) तोंडाशी लागतो. म्हणून तपासणीचा क्रमच उलटा करायला हवा.

खाणीवरचे अभियंते, ओव्हरमन (पाळीवर देखरेख करणारे), सर्व्हेअर यांच्यासाठी हे लिहिलं आहे. पाँडच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या गावकऱ्यांनाही कंपनीला नेमके काय प्रश्न विचारायचे ते यातून कळेल. उदाहरणं लोहखनिज धुतल्यावर उरणाऱ्या गाळाची आहेत, कारण गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे या भागात तोच आहे. मँगनीज किंवा तांब्याच्या टेलिंगला आणि औष्णिक वीज केंद्रांच्या राखतलावांनाही हाच क्रम चालतो. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळ कोराडीच्या राखतलावाचा बांध फुटला आणि राख शेतांत शिरली. आत लोहखनिजाचा गाळ असो की राख, बांध फुटण्याची कारणं तीच असतात.

टप्पा 1: घरची तयारी, म्हणजे कागद आणि गवत

पाँडवर जाण्याच्या आदल्या दिवशी चार गोष्टी टेबलावर हव्यात.

पहिली, बांध प्रत्यक्षात जसा बांधला गेला त्याचे नकाशे. मंजुरीचे नकाशे नकोत. सुरुवातीचा बांध कुठे आहे, नंतरच्या वाढी कोणत्या पद्धतीने झाल्या, गाळणथर (पाणी जाऊ देणारे पण कण अडवणारे वाळू-खडीचे थर) आणि पाझरनाल्या कुठे पुरल्या आहेत, हे त्यात दिसलं पाहिजे. यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे वाढ कोणत्या बाजूला केली. नवा बांध बाहेरच्या बाजूला, टणक जमिनीवर भराव टाकून उंचावला असेल तर गोष्ट वेगळी. तो आतल्या बाजूला, आधी साठवलेल्या गाळावरच बसवला असेल तर तुमचा बांध गाळाच्या ताकदीवर उभा आहे आणि तो गाळ ओला राहिला तर त्याचा भरवसा नाही. आत सरकत वाढवायच्या या पद्धतीवर चिलीने 1965 च्या भूकंपात एल कोब्रे इथे दोनशेहून अधिक माणसं गमावल्यानंतर बंदी घातली. ब्राझीलने ती 2019 मध्ये घातली.

दुसरी गोष्ट, मागच्या किमान तीन पावसाळ्यांची रीडिंगं: पाऊस, पाँडची पातळी, पिझोमीटर, पाझराचा विसर्ग. तिसरी, मागच्या तपासणीत सुचवलेल्या दुरुस्त्यांची यादी आणि त्यातलं खरोखर काय झालं त्याची खूण. चौथी, बांध फुटला तर गाळ कुठवर आणि किती वेळात पोचेल याचा नकाशा. हा चौथा कागद अनेक ठिकाणी नसतोच. नसेल तर ‘नाही’ असं पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा. तपासणीतली ती पहिली त्रुटी.

मग गवत. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर बांधाचा उतार कमरेएवढ्या रानाने झाकला जातो आणि त्याखाली पाझर, घळी, बिळं सगळं लपतं. उतार आणि पायथ्यापुढची निदान दहा मीटर पट्टी मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कापून घ्या. गवत मुळासकट उपटू नका, ते माती धरून ठेवतं. झुडपं आणि झाडं मात्र बांधावर नकोत, मुळं कुजली की पाण्याला आयती वाट मिळते. मोठं झाड आधीच वाढलेलं असेल तर ते उपटून खड्डा पाडू नका. बुंधा कापा आणि मुळांचं काय करायचं ते डिझाइन अभियंत्याला विचारा.

सोबत न्यायचं सामान: पाणीपातळी मोजायचा डिप मीटर, पट्टी, स्टॉपवॉच, दहा लिटरची बादली, झाकणाच्या पारदर्शक बाटल्या, खुंट्या आणि रंग, जीपीएस असलेला फोन, आणि मागच्या वेळचे फोटो छापून. मागचा फोटो हातात नसेल तर त्याच कोनातून नवा काढता येत नाही आणि तुलना राहून जाते.

वेळ: सकाळी लवकर. ऊन तिरपं असताना उतारावरचा फुगवटा सावलीमुळे उठून दिसतो, दुपारी बाराला तोच सपाट वाटतो. दोघांनी जा, एकट्याने नाही.

पडताळा: निघण्याआधी रात्रपाळीच्या पंपवाल्याशी आणि वॉचमनशी बोला. “काका, रात्री पंप किती वेळ चालला? मागच्या महिन्यापेक्षा जास्त का?” एवढं विचारलं तरी बरंच कळतं. कागदावर नसलेली माहिती त्यांच्याकडे असते.

टप्पा 2: पायथा

गाडी बांधाच्या खालीच उभी करा आणि पायथ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. डोंगराला बांध जिथे टेकतो ते दोन्ही कोपरे सोडू नका, कारण भराव आणि डोंगर यांच्या सांध्यातून पाणी सगळ्यात आधी वाट काढतं.

इथे पाहायच्या खुणा: ओली जमीन, उन्हाळ्यातही हिरवी राहिलेली गवताची पट्टी, पाय ठेवल्यावर दबणारी माती, पायथ्याचा फुगवटा, पुढे कललेला खांब किंवा कुंपण. आणि सगळ्यात धोक्याची खूण म्हणजे जमिनीतून उकळल्यासारखं वर येणारं पाणी आणि त्याभोवती वाळूचं छोटं कडं. ते कडं म्हणजे पाणी बांधाच्या किंवा पायाच्या पोटातून कण बाहेर घेऊन येतंय. हे दिसलं तर पुढची तपासणी थांबवा, थेट टप्पा 8 ला जा.

पाझर असणं हा दोष नाही. मातीचा बांध पाझरतोच. गाळणथर आणि पाझरनाली त्यासाठीच असते. प्रश्न तीनच: किती, कुठून आणि कसं.

किती, ते मोजा. पाझर कमी असेल तर बादली आणि स्टॉपवॉच पुरतं. दहा लिटरची बादली 25 सेकंदांत भरली तर विसर्ग सेकंदाला 0.4 लिटर. जास्त असेल तर 90 अंशाच्या व्ही-नॉचवर (पाणी वाहून जायला V आकाराची खाच असलेल्या प्लेटवर) मोजा. इथे एक चूक इतक्या ठिकाणी दिसते की सविस्तर सांगतो. पट्टी नॉचच्या तोंडाशी लावून उंची वाचली जाते. तिथे पाणी खाली वळलेलं असतं, त्यामुळे उंची कमी येते. पाण्याच्या उंचीच्या किमान चौपट अंतर मागे, जिथे पृष्ठभाग सपाट आहे तिथे, नॉचच्या टोकाच्या पातळीपासून वर मोजायचं. उंची 5 सेंटिमीटर असेल तर विसर्ग सेकंदाला सुमारे 0.77 लिटर. 6 सेंटिमीटर झाली की सुमारे 1.2 लिटर. 10 सेंटिमीटरला सुमारे 4.4 लिटर, म्हणजे उंची दुप्पट आणि विसर्ग साडेपाचपटीहून जास्त. ‘एकच सेंटिमीटर वाढलंय’ म्हणून सोडून दिलेलं रीडिंग प्रत्यक्षात दीडपटीहून अधिक पाझराचं असतं. म्हणून नोंदवहीत उंची आणि विसर्ग दोन्ही लिहा. प्लेटच्या मागे साचलेला गाळ आधी काढा आणि पाणी स्थिरावू द्या, मगच वाचा.

कसं, ते बाटलीत बघा. पाझराच्या तोंडाशी बाटली भरा, तारीख आणि जागा लिहा, ऑफिसात आणून तासभर हलवू नका. तळाशी गाळ बसला तर पाणी कण वाहून आणतंय. आपल्या लाल मातीत एक अडचण असते, पाऊस पडला की सगळंच पाणी लाल दिसतं. म्हणून नमुना नळीच्या किंवा नालीच्या तोंडातून घ्या, पुढच्या गटारातून नको. शक्य असेल तर पाऊस थांबल्यावर दोन तासांनी घ्या. दर आठवड्याच्या बाटल्या एका फळीवर ओळीने ठेवल्या तर कुठल्या आठवड्यापासून पाणी गढूळ व्हायला लागलं ते कोणालाही दिसतं.

सावधान: पाझर कमी झाला म्हणजे बांध सुधारला, असं समजू नका. पाँडची पातळी वाढतेय आणि नालीतून येणारं पाणी घटतंय, ही वाईट बातमी आहे. लोहयुक्त पाण्यात नारिंगी रंगाचा बुळबुळीत थर वाढतो आणि पाझरनालीची तोंडं, कधी गाळणथरसुद्धा, बुजवून टाकतो. बाहेर न निघालेलं पाणी बांधाच्या आत चढतं. नालीच्या तोंडाशी नारिंगी बुळबुळ दिसली तर फोटो काढा आणि त्या भागातल्या पिझोमीटरचं रीडिंग त्याच दिवशी बघा.

टप्पा 3: उतार

आता पायथ्यावरून वर चढा, सरळ न चढता नागमोडी, बर्मवरून (उतारावरच्या सपाट पायरीवरून) आडवं चालत. ओले डाग पायथ्याच्या वर, उताराच्या मधोमध दिसले तर ते गंभीर धरा. आतली पाण्याची रेषा गाळणथरापर्यंत न जाता उतारावर बाहेर येत आहे, असा त्याचा अर्थ.

पावसाने पाडलेल्या घळी हा रोजचा त्रास. त्या भरताना सैल माती लोटून वर फावडं आपटलं की पुढच्या पावसात तीच घळ दुप्पट खोल होते. आधी घळीच्या कडा पायऱ्यांसारख्या कापा, मग थरांनी भरून प्रत्येक थर दाबा आणि वरचं पाणी तिथेच का जमतं तेही शोधा. बहुतेक वेळा बर्मचा उतार आतल्या गटाराकडे असायला हवा तो बाहेर झालेला असतो.

बिळं, वारुळं, खेकड्यांची भोकं यांची नोंद जागेसह करा. कोकणात आणि गोव्यात खेकडे हे खरं वास्तव आहे. पण भोक दिसलं की सगळा दोष त्याच्यावर टाकून मोकळं होता येत नाही. चिपळूणजवळचं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं तेव्हा खेकड्यांची चर्चा राज्यभर झाली. गळतीबद्दल गावकऱ्यांनी मात्र आधीच तक्रार केलेली होती. ते पाण्याचं धरण होतं, टेलिंगचं नव्हे, पण गळतीची तक्रार आली की त्या दिवशी कोण जागेवर गेलं आणि त्याने काय लिहिलं, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

टप्पा 4: माथा आणि मोकळी उंची

माथ्यावर आल्यावर तडे शोधा. आडवा तडा, म्हणजे बांध ओलांडून पाँडच्या बाजूकडून बाहेर जाणारा, असमान खचण्याचा असतो आणि पाण्याला थेट वाट देतो. बांधाच्या लांबीने जाणारा, विशेषतः दोन्ही टोकांना खाली वळलेला कमानीसारखा तडा, उतार सरकत असल्याचं सांगतो. दोन्हींची टोकं खुंटीने बांधून तारीख घाला, रुंदी आणि दोन बाजूंमधली उंची मोजा, वर प्लास्टिक झाका म्हणजे पाणी आत जाणार नाही. लगेच माती घालून बुजवू नका. बुजवला की तो वाढतोय की थांबलाय हे कळायचा मार्गच संपतो.

मग मोकळी उंची, म्हणजे पाण्याच्या पातळीपासून माथ्यापर्यंतचं अंतर. मोजणीत सगळ्यात मोठ्या चुका इथे होतात. रंगवलेल्या पट्टीवर वाचून ‘दोन मीटर’ लिहिलं जातं. पट्टी लावली तेव्हा माथा जेवढा होता तेवढाच आज आहे असं गृहीत धरलेलं असतं. माथा खचतो, डंपर फिरून चाकोरीत खाली जातो, पाइप टाकायला कोणी चर खणतो. पाणी सरासरी माथ्यावरून जात नाही, ते सगळ्यात खालच्या जागेवरून जातं. म्हणून मेमध्ये ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) पूर्ण माथ्याचं लेव्हलिंग करा, सर्वांत खालचा बिंदू शोधा आणि मोकळी उंची तिथून धरा.

ती पुरेशी आहे का, हे ठरवायला एक हिशेब करा. समजा पाँडमध्ये पाणी आणणारं एकूण क्षेत्र 60 हेक्टर आहे आणि पाण्याचा पृष्ठभाग 12 हेक्टर. चोवीस तासांत 300 मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळं पाणी आत आलं तर 1,80,000 घनमीटर. ते 12 हेक्टरवर पसरलं की पातळी दीड मीटर चढते. पाणी चढताना पृष्ठभाग पसरतो, त्यामुळे खरी वाढ थोडी कमी असेल, पण हिशेबात ती सवलत घेऊ नका. सह्याद्रीच्या पायथ्याला एका दिवसात 300 मिलिमीटर हा अशक्य आकडा नाही आणि दुसऱ्या दिवशीही पाऊस थांबेलच असं नाही. वर लाटांसाठी आणि खचण्यासाठी वेगळी राखीव उंची हवी. डोंगरावरचं पाणी पाँडमध्ये येऊ न देता बाहेरून वळवणारं गटार तुंबलेलं असेल तर 60 चे 90 हेक्टर होतात आणि सगळा हिशेब कोलमडतो. ते गटार याच टप्प्यात, शेवटपर्यंत चालून बघा.

2020 च्या जागतिक टेलिंग मानकात बांध फुटल्यास किती माणसं धोक्यात येतील आणि इतर काय नुकसान होईल यावरून पाच वर्ग केले आहेत. हजाराहून अधिक माणसं खाली असतील तर दहा हजार वर्षांत एकदा येणाऱ्या पुराचा विचार करून बांध उभा असावा, असं ते मानक म्हणतं. तुमचा बांध कोणत्या वर्गात आहे ते नोंदवहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

टप्पा 5: पाँड, गाळपट्टा आणि डिकँट

आता आत बघा. गाळ बांधाच्या कडेने सोडला की जाड कण काठाशी बसतात आणि बारीक कण आत वाहून जातात. त्यामुळे काठाशी निचरा होणारा रुंद पट्टा तयार होतो आणि पाणी बांधापासून लांब राहतं. हा पट्टा म्हणजे बांधाचं खरं संरक्षण आहे. त्याची रुंदी दर महिन्याला ठरलेल्या चार-पाच जागी मोजा आणि सगळ्यात अरुंद जागेची नोंद ठळक करा. एकाच तोंडातून गाळ सोडत राहिलं की समोरच्या बाजूला पाणी बांधाला चिकटतं. तिथे बारीक गाळ बसतो आणि पुढची वाढ त्याच मऊ गाळावर होते.

दक्षिण आफ्रिकेत मेरीस्प्रुट इथे 22 फेब्रुवारी 1994 च्या संध्याकाळी असंच घडलं. पाणी बांधाच्या भिंतीला टेकलेलं होतं, मोकळी उंची उरलेली नव्हती. एका वादळी सरीने पाणी माथ्यावरून वाहिलं आणि गाळ खालच्या वस्तीत शिरला. 17 जण गेले.

डिकँटच्या तोंडाशी काय अडकलं आहे, पाण्याची पातळी ठरवणाऱ्या फळ्या नेमक्या किती लावल्या आहेत, बाहेरच्या टोकाला पाणी आत जातंय तेवढंच आणि तितकंच स्वच्छ येतंय का, हे तिन्ही तपासा. पाइप बांधाच्या पोटातून जात असेल तर तो त्या बांधातला सगळ्यात दुबळा भाग आहे असं धरूनच चाला. तो दबतो, सांधे सुटतात, गाळ आत शिरतो आणि पाँडच्या पृष्ठभागावर अचानक भोवऱ्यासारखा खड्डा पडतो. इटलीत स्तावा इथे वरखाली दोन पाँड होते. जानेवारी 1985 मध्ये वरच्या बांधाचा काही भाग सरकला. नंतर खालच्या पाँडमध्ये पाइपपाशी मोठा खड्डा पडला. दोन्ही वेळा दुरुस्ती करून काम पुढे चालू ठेवलं. 19 जुलैला वरचा बांध खालच्यावर कोसळला आणि 268 माणसं मेली. खुणा दोनदा दिसल्या होत्या, फक्त त्यांचा अर्थ ‘पाइप दुरुस्त करा’ एवढाच लावला गेला.

सावधान: पाँडच्या गाळावर, कितीही सुकलेला दिसला तरी, पायी जाऊ नका. वरची खपली टणक आणि खाली चिखल असतो.

टप्पा 6: पिझोमीटर आणि खुणांची मोजणी

उघड्या नळीच्या पिझोमीटरमध्ये डिप मीटर सोडून पाण्यापर्यंतची खोली वाचतात. लिहायची मात्र समुद्रसपाटीपासूनची पातळी. कारण माथा वाढवताना नळीला जोड दिला जातो, मग खोली वाढते आणि ‘पाणी खाली गेलं’ असा गैरसमज होतो. प्रत्यक्षात पाणी तिथेच असतं, कधी वर चढलेलं असतं. दर जोडानंतर नळीच्या तोंडाची लेव्हल नव्याने घ्या.

नळी कोरडी असेल तर ‘0’ लिहू नका. ‘कोरडी, तळाची पातळी अमुक’ असं लिहा. आठवड्यामागून आठवडे तोच आकडा येत असेल तर नळी बुजली आहे किंवा वाचणारा माणूस तिथे जात नाही. नळीत ठरावीक पाणी ओता आणि ते किती वेळात उतरतं ते बघा. उतरलंच नाही तर तो पिझोमीटर मेला आहे, त्याला यादीतून काढा आणि बदली मागा. डिझाइनमध्ये वीस दाखवलेत आणि चालू बारा, असं असेल तर तुमच्याकडे बाराच आहेत.

बांध सरकतोय का हे पाहायला रोवलेल्या खुणा टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजायच्या यंत्राने) मोजताना आधारबिंदू बांधावरचा किंवा जुन्या भरावावरचा घेऊ नका. आधारच सरकत असेल तर सगळं स्थिर दिसेल.

मग एकच आलेख काढा. खाली तारखा, वर पाऊस, पाँडची पातळी, प्रत्येक पिझोमीटर आणि पाझर. पाँड चढल्यावर काही दिवसांनी पिझोमीटर चढतो आणि पाऊस ओसरल्यावर उतरतो, हे ठीक. पाँड स्थिर असताना पिझोमीटर चढत असेल, किंवा यंदा तो गेल्या वर्षीइतका खाली परत आला नसेल, तर मर्यादा ओलांडलेली नसली तरी डिझाइन अभियंत्याला त्याच दिवशी कळवा. नुसत्या तक्त्यात ही गोष्ट कधीच दिसत नाही.

पडताळा: धोक्याच्या मर्यादा कधी ठरवल्या होत्या? बांध त्यानंतर उंचावला असेल तर त्या जुन्या झाल्या.

टप्पा 7: बंद पाँड वगळू नका

गोव्यात 2012 मध्ये खाणी थांबल्या, मग सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2018 च्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. खाण थांबली तरी पाऊस थांबत नाही. गाळ येणं बंद झालं की माणसंही निघून जातात, पंप निघतो, डिकँट बुजतं आणि रान वाढतं.

ब्राझीलमधला ब्रुमाडिन्होचा बांध बंदच होता. 86 मीटर उंच, 1976 पासून आतल्या बाजूने टप्प्याटप्प्याने वाढवलेला आणि 2016 पासून गाळ सोडणं थांबलेलं. 25 जानेवारी 2019 ला दुपारी तो काही सेकंदांत ढासळला, पाच मिनिटांच्या आत सुमारे 97 लाख घनमीटर गाळ बाहेर पडला आणि 270 माणसं गेली. कोसळण्याआधी डोळ्यांना दिसेल अशी मोठी हालचाल झालीच नव्हती. आतलं पाणी मात्र वर्षानुवर्षं उंच राहिलं होतं, कारण निचऱ्याची पुरेशी सोय नव्हती आणि गाळ पाण्याने भरलेलाच होता. असा गाळ अचानक द्रवासारखा वागू लागतो तेव्हा तडा दिसायला वेळच मिळत नाही. आदल्या वर्षीच्या स्थिरतेच्या तपासणीत पाणी न निचरता ताण आल्यास सुरक्षा गुणांक (बांधाची ताकद त्यावरच्या ताणाच्या किती पट; 1 म्हणजे कोसळण्याच्या काठावर) 1.09 आला होता आणि तरी बांध स्थिर ठरवला गेला. म्हणून स्थिरतेचं प्रमाणपत्र हातात आल्यावर ‘गुणांक किती’ एवढ्यावर थांबू नका. निचरा होतो असं धरून काढला की होत नाही असं धरून, आणि त्यात पाण्याची कोणती पातळी घेतली, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

बंद पाँडला टप्पा 1 ते 6 सगळे लागू. फक्त चालू पाँडच्या रोजच्या फेरीऐवजी पावसाळ्यात आठवड्याला आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर. ओल्या टेलिंगवर बोअर मारणं, जड यंत्रं चालवणं किंवा पायथ्याशी खणणं डिझाइन अभियंत्याच्या लेखी मान्यतेशिवाय नको, पाँड बंद असला तरी.

टप्पा 8: निर्णय त्याच दिवशी

फेरीहून आल्यावर संध्याकाळपर्यंत तीनपैकी एक रंग ठरवा. हिरवा: सगळं नेहमीसारखं. पिवळा: काहीतरी बदललं आहे, कारण माहीत नाही. यात मोजणी रोज, डिझाइन अभियंत्याला आणि खाण व्यवस्थापकाला त्याच दिवशी लेखी कळवणं, गाळ सोडणं कमी करणं. लाल: पाण्यासोबत कण येत आहेत, पाझर झपाट्याने वाढतोय, कमानी तडा रुंदावतोय, पाँडमध्ये खड्डा पडलाय किंवा मोकळी उंची राखीव मर्यादेखाली गेली आहे.

लाल असेल तर क्रम असा:

1. खालच्या भागातली माणसं हलवा. खाणीचं ऑफिस, वर्कशॉप, कँटीनही त्यात आलं. ब्रुमाडिन्होत कंपनीचं ऑफिस आणि कँटीन बांधाच्या वाटेतच होतं, जेवणाची वेळ होती आणि भोंगा वाजला नाही.
2. गाळ सोडणं बंद करा. पाँडचं पाणी पंपाने आणि डिकँटने कमी करा. बांध कापून वाट काढू नका.
3. जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस, पंचायत आणि खाण सुरक्षा महासंचालनालय यांना कळवा. एका माणसाला फक्त हेच काम द्या.
4. वाळू उकळत असेल आणि तिथे जाणं सुरक्षित आहे असं अभियंत्याने ठरवलं असेल, तरच त्यावर उलटा गाळणथर टाका: आधी जाडसर वाळू, मग खडी, मग दगड. पाणी बाहेर जाऊ द्यायचं आणि कण अडवायचे. चिकणमातीची पोती टाकून भोक बुजवणं ही सर्रास होणारी चूक आहे. दाब आत साठतो आणि पाणी शेजारी नवी, मोठी वाट फोडतं.

हे कोण ठरवणार, याचंही नाव आधीच लिहिलेलं हवं. रात्री दोन वाजता पावसात पिवळ्याचा लाल झाला तर ओव्हरमनला कोणाच्या परवानगीची वाट न बघता भोंगा वाजवता आला पाहिजे. चुकून वाजला तर त्याला जाब विचारला जाणार नाही, हे व्यवस्थापकाने सहीनिशी दिलेलं असावं. माझ्या मते या एका कागदाला दहा सेन्सरांइतकी किंमत आहे.

आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात भोंग्याची चाचणी घ्या, वीज बंद करून. तो ऑफिसात ऐकू येणं पुरेसं नाही. पाऊस कौलांवर कोसळत असताना शेवटच्या घरात ऐकू येतो का, ते त्या घरातल्या माणसांना विचारा. वर जायची वाट त्यांच्यासोबत एकदा चालून बघा, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने वेळ लावा आणि तो आकडा गाळ पोचायच्या वेळेच्या शेजारी लिहा. चालायला लागणारा वेळ जास्त निघाला तर ते घर पावसाळ्याआधी हलवायच्या यादीत जातं.